थंडी पडते, वाजते आणि भरते: तापाच्या शब्दांच्या प्रकल्प नोंदी

14 नोव्हेंबर 2024

आजपासून कामाला लागले. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर काही महिन्यांनी नवे इंटर्न डॉक्टर येतात. बरेच दुसऱ्या जिल्ह्यांतले, काही थेट राजस्थान-केरळातले. मुलं हुशार आणि कष्टाळू. पण रुग्ण 'अंगात कणकण आहे' म्हणाला, की केसपेपरवर काय लिहावं ते त्यांना उमगत नाही. मग सगळं एकाच ओळीत जातं: 'फीवर विथ चिल्स'. तिथल्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी मला विचारलं, की गारठणं, कापणं, शहारणं यांचे लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून खिशात मावेल अशी पुस्तिका करता येईल का. मी मराठी शिकवते, वैद्यकातलं मला कळत नाही. ती बाजू त्या तपासणार.

सोबत आणखी एक काम आहे. आशाताई घरोघरी तापाची विचारपूस करतात, त्यांच्या कागदावर हा प्रश्न आहे: 'ताप येताना थंडी वाजते का? हो / नाही.' कार्तिक पौर्णिमा तोंडावर आलीय, पहाटे काकड्याला जाणारे कानटोप्या घालून जातात. या दिवसांत कुणालाही विचारा, उत्तर 'हो'च येणार. हा प्रश्न नीट बांधायचा.

18 नोव्हेंबर

दोन कोश घेऊन बसले. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. कच्ची यादी झाली: गारवा, गारठा, कडाका, हीव, हुडहुडी, कापरं, कंप, थरथर, थरकाप, शिरशिरी, शहारा, काटा, रोमांच, कुडकुडणं, काकडणं, गारठणं, आखडणं, लटपटणं, चळचळा कापणं, दात वाजणं, दातखीळ बसणं.

कोश अर्थ देतात आणि तो चोख देतात. पण खाटेवर बसलेली बाई यांतला कुठला शब्द कधी उच्चारते, ते तिथं शोधून उपयोग नाही. त्यासाठी ओपीडीतच बसायला हवं.

यादी वाचताना लक्ष सारखं नामांवरून क्रियापदांकडे गेलं. थंडी *पडते* ती गावात, शिवारात, हवेत. थंडी *वाजते* ती मला. थंडी *भरते* ती तापात. 'आज गावात फार थंडी भरली' असं कुणी म्हणत नाही, आणि 'मला थंडी पडली' असंही नाही. कंप *सुटतो*, कापरं *भरतं*, काटा *येतो*, शिरशिरी *उठते*, दातखीळ *बसते*. थंडी कुठून आली, बाहेरून की आतून, हे मराठी माणूस क्रियापदात सांगून मोकळा होतो. केसपेपरवर मात्र फक्त नाम उतरतं. पुस्तिकेची मांडणी क्रियापदांवर करायची, हे आज ठरलं.

22 नोव्हेंबर

ओपीडीत सकाळभर. नोंदवहीचे खाने: शब्द, क्रियापद, अंगाचा कुठला भाग, किती वेळ, पांघरुणानं थांबतं का. नावगाव काहीही लिहायचं नाही, हा नियम.

एक आजी, सोबत सून. इंटर्ननं विचारलं, "आजी, थंडी वाजते का?"

"वाजतीय की. सकाळी कुणाला वाजत नाही बाबा?"

बाई शेजारीच होत्या. त्यांनी प्रश्न बदलला. "आजी, थंडी भरून ताप येतो का?"

आजी एकदम सरसावून बसल्या. "तेच तर सांगतीय! दुपारी उन्हात बसले होते, उन्हात, आणि हुडहुडी भरली. हिनं दोन गोधड्या टाकल्या, वर घोंगडं टाकलं. तरी दातावर दात आपटत होते. मग अंग तापलं नुसतं."

सून म्हणाली, "खाट हलत होती, डॉक्टर."

या चार वाक्यांत डॉक्टरांना हवं ते सगळं आलं: वेळ दुपारची, हवा गरम, पांघरुणानं थांबलं नाही, कापरं सबंध अंगाला, त्यानंतर ताप. 'उन्हात' हा शब्द आजींनी दोनदा उच्चारला, कारण त्यांच्या लेखी मुद्दा तोच होता. इंटर्ननं ते वाक्य आपल्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. लगेच रक्ताची काच आणि आरडीटी (हिवतापाची झटपट तपासणी) दोन्ही झालं.

'खाट हलत होती' हे यादीत वेगळं घेतलं. शब्दकोशात ते सापडणार नाही, पण नातेवाईक कापऱ्याचं माप असंच सांगतात.

26 नोव्हेंबर

आजचा दिवस 'हीव' या एका शब्दावर गेला आणि तेवढी त्याची योग्यता आहे.

संस्कृत हिम, त्याचं हीव, हिवाळा त्यातूनच. आणि हिवताप. मलेरियाचं सरकारी मराठी नाव आजही हिवताप आहे: जिल्हा हिवताप अधिकारी, हिवताप प्रतिरोध महिना (जून), जागतिक हिवताप दिन (25 एप्रिल). देशात 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 साली त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला. घराच्या भिंतींवर फवारणी करणारी माणसं, रक्ताच्या काचा, कोयनेलच्या कडू गोळ्या हे सत्तरीपुढच्या लोकांना चांगलं आठवतं. त्या पिढीच्या तोंडी 'हीव भरलं' अजून आहे.

नातवंडं 'हीव' म्हणत नाहीत. ती 'मलेरिया', 'डेंगू', 'व्हायरल' म्हणतात, 'पेशी कमी झाल्या' म्हणतात. म्हणजे जुना माणूस लक्षण सांगतो आणि नवा माणूस निदान सांगतो. डॉक्टरला पहिलं जास्त उपयोगी. 'व्हायरल झालंय' हे वाक्य ऐकून अंग कापलं की नाही ते कळत नाही. 'हीव भरलं' म्हटलं की कळतं. पुस्तिकेत इंटर्नसाठी स्पष्ट सूचना घालायची: रुग्णानं रोगाचं नाव सांगितलं तरी थांबू नका, 'म्हणजे नेमकं काय होतं?' हे विचारा.

हिवतापाचं नाव थंडीवरून पडलं, हे मला फार सुंदर वाटतं. ताप तर शेकडो रोगांत येतो. यात लोकांना आधी जाणवलं ते हीव.

2 डिसेंबर

निफाडच्या थंडीची पहिली बातमी पेपरात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याचा आकडा दर हिवाळ्यात असा पहिल्या पानावर येतो, आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. बातम्यांतली विशेषणंही टिपली: कडाक्याची, बोचरी, झोंबणारी, हाडं गोठवणारी, गुलाबी. ही सगळी *पडणाऱ्या* थंडीची. *भरणाऱ्या* थंडीला विशेषण लागत नाही. तिथं लोक गोधड्या मोजतात.

6 डिसेंबर

ओपीडीतल्या नोंदी एकामागे एक लावल्या आणि शब्दांची रांग आपोआप लागली.

सुरुवातीला *कणकण*. अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, डोळे चुरचुरतात. कुणी 'कसर आहे' म्हणतं, कुणी 'अंग कसकसतं'. थर्मामीटरमध्ये अजून फारसं काही नसतं. मग *शिरशिरी*, पाठीतून जाणारी, क्षणभराची. मग *हुडहुडी*. मग अंग *फणफणतं*: पांघरूण लाथाडलं जातं, तोंड लाल, डोकं ठणकतं. आणि शेवटी *दरदरून* घाम फुटतो, ताप उतरतो, माणूस गळून झोपी जातो.

बाईंना हा कागद दाखवला. त्यांनी पेन घेऊन कडेला तीन कंस काढले: थंडीची अवस्था, तापाची अवस्था, घामाची अवस्था. हिवतापाचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन हेच आहे. कणकण, हुडहुडी, फणफण, दरदर. हे नादाचे शब्द क्रमानं लावले, की रोगाचा प्रवासच उभा राहतो. कुणी शिकवलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर ताप काढून भाषेत मुरलेलं हे ज्ञान आहे. या एका पानासाठी सगळा प्रकल्प केला तरी चालेल असं वाटलं.

बाईंनी आतली यंत्रणाही समजावून सांगितली. जंतूंशी लढताना मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र आपली पातळी वर सरकवतं. 37 अंशांचं अंग मग त्या केंद्राच्या हिशेबानं 'गार' ठरतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय थंड लागतात. स्नायू भराभर आकुंचन पावू लागतात, कारण त्यातून उष्णता तयार होते. ठरलेली पातळी गाठली की कापणं थांबतं. आजींना भर उन्हात हुडहुडी भरते ती अशी. यातून कामाची सूचना निघाली: हुडहुडी चालू असताना ताप मोजला आणि आकडा कमी आला, तर 'ताप नाही' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. कापणं थांबल्यावर पुन्हा मोजायचा.

'दिवसाआड येतो' हेही रुग्ण सांगतात. हिवतापाच्या व्हायवॅक्स या प्रकाराचं चक्र साधारण 48 तासांचं. जुन्या लोकांकडे त्याला 'एकांतरा' हा शब्द आहे, आणि चरकसंहितेत विषमज्वराचे (पाळीनं येणाऱ्या तापाचे) पाच प्रकार अशाच पाळ्यांवरून केलेले आहेत: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चातुर्थक. फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराचा ताप मात्र अशी शिस्त पाळेलच असं नाही. आता गोळ्या लवकर सुरू होतात, त्यामुळे पाळी दिसेपर्यंत कुणी थांबत नाही, थांबूही नये. तरीही 'एकांतरा' पुस्तिकेत राहील. एखादे आजोबा तो बोलून दाखवतील आणि समोरच्याला तो कळला पाहिजे.

11 डिसेंबर

आजची अडचण खरी होती. हिवतापाच्या भित्तिपत्रकांवर लक्षण म्हणून छापलेलं असतं: 'थंडी वाजून ताप येणे'. म्हणजे *वाजते* आणि *भरते* यांची सरमिसळ लोकांच्या बोलण्यात आहे आणि सरकारी कागदावरही. 'भरते म्हणाला म्हणजे कापरं, वाजते म्हणाला म्हणजे नुसता गारवा' एवढ्या भरवशावर तपासणी चालणार नाही. शब्दानं दार उघडतं, पुढचा एक प्रश्न हवाच.

तो प्रश्न पांघरुणाचा. बाईंनी 2005 साली प्रसिद्ध झालेला जपानमधला एक अभ्यास सांगितला. तिथल्या डॉक्टरांनी तापाच्या रुग्णांची थंडी तीन पायऱ्यांत मोजली. पहिली, अंगावर जाकीट चढवावंसं वाटणं. दुसरी, जाड पांघरूण घ्यावंसं वाटणं. तिसरी, जाड पांघरुणाखालीही सबंध अंग थरथरणं. तिसऱ्या पायरीच्या रुग्णांत रक्तात जंतू सापडण्याचा धोका, थंडी अजिबात न वाजणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 12 पट निघाला. म्हणजे तसं कापरं हिवतापातच भरतं असं नाही. लघवीच्या मार्गाचा किंवा पित्ताशयाचा जंतुसंसर्ग रक्तात उतरला तरीही भरतं, आणि मग उशीर करून चालत नाही.

ऐकताना आजी आठवल्या. दोन गोधड्या, वर घोंगडं, तरी दातावर दात. हीच तिसरी पायरी, आणि ती त्यांनी न विचारता सांगितली होती. आपल्याकडे मोजायला जाकीट नको, पांघरुणांची अख्खी उतरंड आहे: चादर, शाल, दुलई, गोधडी किंवा वाकळ, घोंगडी. तीन पायऱ्या मराठीत अशा बसवल्या:

गार वाटलं, शाल घेतली आणि बरं वाटलं.
थंडी वाजली, गोधडी घ्यावी लागली.
हुडहुडी भरली, गोधड्या टाकल्या तरी कापतच होतो.

बाईंनी तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारली.

19 डिसेंबर

बोलींचा दिवस. आपल्या रुग्णालयात वीटभट्टीवर, ऊसतोडीला, द्राक्षबागेत कामाला आलेली माणसं येतात, म्हणून फक्त इथली बोली पुरेशी नाही. धुळ्याकडचं कुटुंब, यवतमाळकडचे भाऊ, पूर्व विदर्भातल्या एक आजी, मालवणची परिचारिका ताई. ज्यांना वेळ होता त्यांच्याशी बोलले.

अहिराणीत 'माले थंडी वाजस'. वऱ्हाडीत 'मले थंडी वाजून रायली'. मालवणीत 'माका थंडी वाजता'. विभक्ती बदलते, काळाचं रूप बदलतं, पण 'वाजणं' सगळीकडे तेच. पूर्व विदर्भातल्या आजी मात्र सरळ 'हीव लागते' म्हणाल्या आणि नुसत्या हिवाळ्याच्या गारठ्यालाही हीवच म्हणाल्या. ही महत्त्वाची नोंद आहे: आमच्याकडे 'हीव' ऐकलं की ताप समजायचा, तिकडच्या माणसाच्या तोंडी ते नुसतं थंडी वाजणंही असू शकतं. पुस्तिकेत या शब्दापुढे दोन खाने.

गोव्याच्या कोंकणीत थंडीला 'शीं' आणि हिवाळ्याला 'शिंयाळो'. शीत शब्दाची ती शाखा तिकडे नांदते, हिमाची आमच्याकडे.

'थंडी वाजते' यातलं वाजणं म्हणजे दात वाजणं, असं सगळेच सांगतात. पण दात न वाजताही थंडी वाजतेच; पंख्याखाली बसलेल्या माणसालाही ती वाजते. भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं, थंडी तेवढी वाजते. इंटर्नना हे नियम म्हणून सांगायचं नाही, वाक्यासकट पाठ करायला सांगायचं.

27 डिसेंबर

बाईंनी आग्रहानं घालायला लावलेलं पान. नातेवाईक धावत येतात आणि म्हणतात, "झटके येतायत!" कधी ते झटके असतात, कधी हुडहुडी. उलटही होतं: 'नुसता थंडीनं कापत होता' म्हणून घरीच ठेवलेल्या मुलाला खरं तर आकडी आलेली असते. 6 महिने ते 5 वर्षं या वयात तापात आकडी येऊ शकते.

फरक ओळखायला शब्दापेक्षा हाक कामाची. हुडहुडीत माणूस शुद्धीवर असतो. तुटक का होईना, बोलतो, पाणी मागतो. आकडीत डोळे फिरतात, हाक मारली तर ओ येत नाही, नंतर मूल सुस्त पडतं. म्हणून प्रश्न: 'कापत होता तेव्हा हाक मारली तर ओ देत होता का?' ओ देणं हा प्रयोग इतका सरळ आहे, की तो कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

'दातखीळ बसली' हाही दुधारी शब्द. कडाक्याच्या थंडीत म्हणतात, भीतीनं म्हणतात, आकडीत म्हणतात आणि धनुर्वातातही म्हणतात. त्यापुढे ठळक चौकट: ऐकल्यावर लगेच, रुग्णाला तोंड उघडता येतं का ते पाहा.

4 जानेवारी 2025

'गार'.

हा शब्द मी सुरुवातीला साधा समजून खाली ठेवला होता. गार पाणी, गार वारा. आज बाईंशी बोलताना तो यादीत सगळ्यात वर गेला. 'हातपाय गार पडले' हे वाक्य वैद्यकात घंटेसारखं आहे. डेंगूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. घरचे म्हणतात, "ताप उतरला, आता बरंय. फक्त हातपाय गार लागतात, आणि अस्वस्थ आहे." त्या 'फक्त'मध्ये सगळं आहे. अंग कापत नाही, ताप नाही, तरी हातपाय गार, कातडी ओलसर, पोट दुखतंय, उलट्या होतायत: अशा वेळी घरी थांबायचं नसतं.

'थंडी' रुग्ण सांगतो, 'गार' हात लावणारा सांगतो. म्हणून हा प्रश्न रुग्णाला नाही, शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचा. पुस्तिकेत तशी खूण केली.

नवजात बाळाचं तर सगळंच वेगळं. नवजात बाळ थंडीनं कुडकुडत नाही. त्याच्या अंगातली तपकिरी चरबी जळून ऊब तयार होते आणि ती लवकर संपते. म्हणून 'बाळ कापतंय का?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर आलं तर ते दिलासा देणारं नाही. आशाताईंना हे माहीत आहे: बाळाचं पोट आणि तळपाय हातानं पाहायचे, तापमान 36.5 अंशांच्या खाली गेलं तर आईच्या उघड्या छातीशी धरायचं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्याचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यामागे ते काम आहे. आमच्या गावच्या ताईंनी त्यांची पद्धत दाखवली. आधी स्वतःचे हात चोळून ऊबदार केले, मग बाळाच्या तळपायाला उलटा हात लावला, मग पोटाला. "पाय गार नि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतीय. दोन्ही गार, तर उशीर करायचा नाही." हे वाक्य शब्दही न बदलता छापायचं.

15 जानेवारी

कालच संक्रांत झाली; तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवून उरलेल्या शब्दांची निवड केली.

भीतीचे शब्द: थरकाप, चळचळा कापणं, पाय लटपटणं, बोबडी वळणं, पाचावर धारण बसणं. यांतला 'लटपटणं' तेवढा ठेवला. कारण मधुमेहाचा रुग्ण गोळी घेऊन जेवायला विसरला, की म्हणतो, "हातपाय लटपटतात, घाम सुटलाय, अंग थरथरतं." तिथं भीती नाही आणि ताप नाही, साखर उतरलेली असते. घाम आणि थरथर एकत्र आली की आधी साखर तपासायची.

हात कापणं. इथं 'कंप' हा शब्द रुग्णाच्याही तोंडी आहे आणि आयुर्वेदातही, कंपवात म्हणून. जेम्स पार्किन्सननं 1817 साली ज्या कापऱ्या आजारावर निबंध लिहिला, त्यालाच आपण आता कंपवात म्हणतो. आपल्या रानात होणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून 1937 साली भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा वेगळं काढलं, आणि पुढे तेच द्रव्य या आजारावरचं मुख्य औषध ठरलं. (शेंगेची कूस अंगाला लागली की जी आग होते ती शेतात राबणाऱ्याला माहीत आहे. घरगुती प्रयोग करू नये, हे पुस्तिकेत लिहिलंय.) प्रश्न एकच घातला: 'हात मांडीवर निवांत असताना कापतो, की चहाचा कप उचलताना?' निवांत असताना कापणं कंपवाताकडे बोट दाखवतं.

शहारा, काटा, रोमांच हे मनाला लागलेले शब्द. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन वेपथु (कंप) आणि रोमहर्ष (रोमांच) एका दमात सांगतो. भावनेनं अंगावर उमटणाऱ्या अष्टसात्त्विक भावांतही रोमांच आणि वेपथु दोन्ही आहेत, स्वेदासोबत (घामासोबत). कीर्तनात या शब्दांना जी जागा आहे ती केसपेपरवर नाही. पुस्तिकेतून काढले, माझ्या वहीत ठेवले. फक्त 'काटा येतो' राहू दिला, कारण ताप चढताना अंगावर येणाऱ्या काट्याबद्दल रुग्ण बोलतात.

30 जानेवारी

सिंधुदुर्गातल्या परिचारिका ताईंशी फोनवर बोलले. त्यांच्याकडे काजूच्या हंगामाबरोबर माकडतापाचे दिवस सुरू होतात. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 साली आणि दोडामार्ग भागात 2016 साली त्याचे रुग्ण सापडले. गोचिडीतून येणारा हा आजार, अचानक थंडी भरून ताप आणि डोकं असह्य दुखणं. पावसाळ्यात तिकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), त्यातही थंडी भरते, पण पोटऱ्या विलक्षण दुखतात.

ताईंचं म्हणणं मला पटलं: "थंडी भरली एवढ्यावर थांबू नका. कुठे गेला होतात, ते विचारा. काजूच्या बागेत, की चिखलणीला, की कुठेच नाही." शब्दाशेजारी जागा आणि काम. पुस्तिकेत प्रत्येक *भरणाऱ्या* शब्दाखाली आता ही ओळ आहे.

12 फेब्रुवारी

आशाताईंच्या बैठकीत नवा मसुदा वाचला. जुना एक प्रश्न जाऊन चार आले:

'थंडी भरून ताप आला का? दिवसा, उन्हात, की रात्री?'
'पांघरूण काय घेतलं? घेतल्यावर कापणं थांबलं का?'
'कापत असताना हाक मारली तर ओ देत होता का?'
(घरच्यांना) 'आता हातपाय गार लागतात का?'

एका ज्येष्ठ ताईंनी पहिल्याच प्रश्नाला अडवलं. "मॅडम, 'भरून' म्हटलं की तरुण पोरांना नीट कळत नाही. 'हुडहुडी भरली का' विचारा, ते सगळ्यांना कळतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तसंच केलं. दुसऱ्या ताईंना चार प्रश्न जास्त वाटत होते. घरोघरी जायचं, वेळ कुठून आणायचा? यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरा-तिसरा सोडायचा, चौथा मात्र कधीही सोडायचा नाही. बाईंनी लगेच होकार दिला.

बैठकीनंतर त्याच ज्येष्ठ ताई थांबल्या आणि विचारलं, की 'फणफण'च्या पानाची एक मोठी प्रत उपकेंद्राच्या भिंतीवर लावायला मिळेल का. मिळणार. कणकण, शिरशिरी, हुडहुडी, फणफण, घाम. प्रत्येकासमोर काय करायचं ते एका ओळीत.

26 फेब्रुवारी

महाशिवरात्र. 'शिव शिव करत थंडी पळाली' असं आज घरोघर म्हणतात, आणि दुपारी पंखा लावावा लागला.

पुस्तिका छपाईला गेली. कागद थोडा जाड घेतलाय, खिशात घामानं भिजू नये म्हणून. इंटर्नच्या नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी बाई ती देणार आहेत, आणि सोबत ओपीडीत बसून केवळ ऐकायची एक सकाळ.

मागची चार पानं कोरी आहेत, रेघा मारलेली. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या आशाताईंबरोबर मार्चमध्ये बसायचं ठरलंय. कोरकू मराठीच्या कुळातली भाषा नाही, त्यामुळे तिथं वाजणं-भरणं-पडणं ही चौकट घेऊन जायची नाही. प्रश्न एवढाच विचारायचा: ताप चढताना तुमच्याकडे माणूस पहिलं वाक्य काय बोलतो?